डिकीतले बाबा

गाडीची किल्ली हातात ठेवण्याआधी मादाम रुफिनाने तीन गोष्टी बजावल्या. गाडीत मासे न्यायचे नाहीत, शेळी न्यायची नाही आणि मढं न्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी तिने अंद्रीकडे बघून सांगितल्या. तिसरी सांगताना मात्र ती नोरोकडे वळली.

"तुम्ही वरच्या डोंगरातले लोक, तुमचं काही सांगता येत नाही बाई," मादाम म्हणाली. "मागे असाच एक सुटाबुटातला आला. समुद्र बघायचाय म्हणाला, आणि माझ्या गाडीत मेलेल्या चुलत्याला घालून गेला. त्यानंतर त्या गाडीत माझा स्वतःचा नवरा बसेना. विकावी लागली."

अंद्री हसला. त्याला कशावरही हसायची सवय होती. आम्ही आपले चार दिवस माहाजांगा बघायला आलोय, तो म्हणाला. ताईने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. हे अर्धं खरं होतं. नोरोने समुद्र पाहिला नव्हता, पण तिला तो बघायचाही नव्हता. तिला तिचा बाप घरी न्यायचा होता.

बाप, म्हणजे रावेलो, तिच्या वयाच्या अकराव्या वर्षी घरातून निघाला तो काजूच्या कारखान्यात वजनाच्या काट्यावर बसायला किनाऱ्याकडे आला. दोन हंगाम करतो आणि कापणीला येतो, म्हणाला. अंद्री तेव्हा रांगत होता. हंगामामागून हंगाम गेले, मग कधीतरी ताप आला आणि बाप अंबोदिमांगा नावाच्या गावात परक्यांच्या मातीत पुरला गेला. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. वरच्या मुलखात ही गोष्ट कोणी अशी सोडून देत नाही. माणूस कुठेही मरो, त्याची हाडं घरच्या थडग्यात यावी लागतात, रेशमी वस्त्रात गुंडाळून, बायकोच्या जागेशेजारी. आणि बायको आता अंथरुणाला खिळली होती. आईने दोघांना जवळ बोलावून सांगितलं होतं की त्या थडग्यात मी एकटी निजणार नाही. तो आला नाही तर मला परसात पुरा, पण तिथे नको. असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

माहाजांगापासून घरापर्यंत काही अडचण नव्हती. बसच्या टपावर असल्या प्रवाशांना रीतसर जागा मिळते, ड्रायव्हर लोकांना त्यात नवीन काही नाही. घोडं अडलं होतं ते अंबोदिमांगा ते माहाजांगा या कच्च्या रस्त्यावर. तिथे बस जात नाही, आणि त्या खड्ड्यांत आपली गाडी घालायला तयार असलेली शहरात एकटी रुफिनाच. म्हणून हे खोटं.

आता खोटं बोलायचं तर निदान पेलेल एवढंच बोलावं. पण मादामने, जशी काही ती शहराची पाटलीणच, काय काय बघायचं ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, आणि रोज संध्याकाळी गाडीचा फोटो मागितला. मागे कुठली जागा आहे ते दिसलं पाहिजे म्हणे. झालं. पहिला अख्खा दिवस दोघांना खरोखरच सहलीत काढावा लागला.

आकाशी रंगाची ती जुनी गाडी घेऊन ते समुद्रावरच्या म्हाताऱ्या बाओबाबपाशी गेले. त्या झाडाला फेऱ्या मारल्या की माणूस माहाजांगाला परत येतो म्हणतात. अंद्रीने गाडीनेच फेऱ्या मारल्या आणि नोरोने त्याला तिसऱ्या फेरीला थांबवलं. परत यायचं कुणाला होतं? मग लाल मातीचे उंच कडे बघितले, तिथे फोटो काढला. मग पलीकडच्या पुळणीवर जाऊन उन्हात उभे राहिले. जिथे जातील तिथे कुणी ना कुणी हात वर करून ओरडायचं, "काय, रुफिनाची गाडी का?" पंक्चरवाला ओरडला, शहाळीवाली ओरडली, नाक्यावरचा पोलीससुद्धा कौतुकाने बॉनेटवर थाप मारून गेला. गाडी म्हणजे मादामची पोरगीच होती जणू, सगळ्या शहराची ओळखीची. नोरोच्या लक्षात आलं की उद्या डिकीत काय आहे ते एकालाही कळलं, तर संध्याकाळच्या आत मादामला कळणार. मादाम गाडी वाटेतच काढून घेईल आणि बाबा रस्त्यावर येतील.

पण ही भीती बारकी होती. मोठी भीती संध्याकाळी भेटली. समुद्राच्या कठड्यापाशी मांसाच्या काड्या भाजणारी बाई गिऱ्हाइकांना वारा घालता घालता सांगत होती की आत कुठल्याशा गावात थडगं फोडलेलं सापडलं. आतली हाडं गायब. हाडचोरांचं पीक आलंय सध्या, कोण कुठले परदेशी विकत घेतात म्हणे, औषधाला. विकत घेणारा कुणी पाहिलेला नाही, पण पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर बसलीत. परक्या गावचे दोघे पकडले. एक पळाला.

"आणि दुसरा?" अंद्रीने विचारलं.

"दुसरा कशाला पळतोय," बाई म्हणाली आणि काडी उलटवली.

नोरोने काडी तशीच कागदात गुंडाळली. खोलीवर परत जाताना अंद्री म्हणाला की आपल्याकडे अंबोदिमांगाच्या सरपंचाची परवानगी आहे, शिक्का आहे, घाबरायचं काय. त्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा बारीक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. नदीवर तराफा आहे, दोरीने ओढायचा. त्यावर गाडी चढवून पलीकडे गेले आणि ऊन चढायच्या आत अंबोदिमांगाला पोहोचले. बाबांबरोबर काट्यावर काम करणारा झाओ काका वाट बघत होता. सरपंच आले, चार म्हातारे आले, दारूचे दोन थेंब मातीत सांडून परवानगी मागितली गेली, सगळं रीतीने. माती पांढरी, भुसभुशीत होती. शेवटची माती नोरोने हाताने काढली, कारण थोरल्या मुलीचं ते काम. तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. हाडं आईने दिलेल्या वस्त्रात बांधून गाठोडं उचललं तेव्हा ते इतकं हलकं निघालं की तिचा तोलच गेला, आणि तिला बाबांचा राग आला. एवढंसंच उरायचं होतं तर एवढी वर्षं वाट कशाची बघायला लावली?

"चला बाबा, घरी जायचंय," ती रीतीप्रमाणे म्हणाली. झाओ काकाने डोळे पुसले. गाठोडं डिकीत ठेवलं, त्यावर चटई, चटईवर आंब्याची टोपली. दोघे निघाले.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला नेताना गप्प बसत नाहीत. वळण आलं की सांगायचं, डावीकडे वळतोय. गाव आलं की सांगायचं, हे अमकं गाव. आणि नदी आली की थांबून, नाव घेऊन, मोठ्याने सांगायचं की आता पाणी ओलांडतोय, बरोबर या. नाहीतर तो काठावर राहतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नोरोला माहीत होतं, अंद्रीलाही माहीत होतं. पण तराफ्यावर दोरी ओढणारे चौघे होते, एक कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई होती, आणि एक सायकलवाला होता जो नेमका डिकीलाच टेकून उभा राहिला होता. नोरोने तोंड उघडलं तेव्हा अंद्रीने तिचा दंड धरला.

"ताई, एक अक्षर बोललीस ना, तर हे लोक इथेच बुडवतील आपल्याला."

त्याने रेडिओ मोठा केला. नोरो गप्प बसली. मनातल्या मनात तरी सांगावं, तर मनात त्या सायकलवाल्याच्या कोपराशिवाय दुसरं काही नव्हतं. तराफा काठाला लागला, गाडी वर चढली, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ भांड्यात राहिला नाही. आंकिलिबे गावाच्या तोंडाशी, चिंचांच्या झाडांखाली, मागचं चाक फुटलं.

चिंचेखाली पाचसहा माणसं सोंगट्या खेळत बसली होती. ती उठलीच. त्यांनी चाकाकडे बघितलं, हळहळले, रुफिनाची गाडी म्हणून आणखी हळहळले. त्यांच्यातला तोंबो नावाचा आडवा, हसरा माणूस लुंगी खोचत म्हणाला, स्टेपनी काढा, घटकेत लावून देतो. स्टेपनी कुठे असते? डिकीत. डिकीच्या तळाला, पत्र्याखाली. म्हणजे आधी आंबे काढायचे, मग चटई काढायची, मग.

"नको, नको," अंद्री म्हणाला. "आम्ही करतो. तुम्ही बसा. खेळा."

भर उन्हात कुणी मदत करतोय आणि कुणी नको म्हणतंय, असं त्या गावात आजवर झालं नसावं. माणसं हसली. तोंबोने डिकीच्या मुठीला हात घातला. नोरो काय करतेय हे तिचं तिलाच कळलं नाही. ती पुढे झाली आणि डिकीला पाठ लावून उभी राहिली. पत्रा तापलेला होता. पाठ भाजत होती, पण ती हलली नाही.

माणसांचं हसणं थांबलं.

"काय आहे बाई आत?"

"मासे," अंद्री घाईने म्हणाला.

तोंबोने नाक वर करून हुंगलं. एवढ्या उन्हात मासे, आणि वास नाही? मग त्याने नोरोच्या हातांकडे बघितलं. तिच्या नखांत पांढरी माती होती. झग्याच्या काठाला माती होती, गुडघ्यांवर होती. आंकिलिबेची माती लाल आहे. त्याने तिला खांद्याला धरून अलगद बाजूला केलं, एखादी खुर्ची सरकवावी तसं, आणि डिकी उघडली.

आंबे बाहेर आले, चटई बाहेर आली. रेशमी वस्त्रातलं ते लांबट गाठोडं काय आहे हे आमच्या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही.

"हाडचोर," तोंबो म्हणाला. ओरडलासुद्धा नाही.

ओरडलं दुसरंच कुणीतरी. चिंचेला टांगलेल्या लोखंडी कड्यावर दणादण घाव पडायला लागले. शेतांतून, झोपड्यांतून, विहिरीवरून लोक धावत आले; कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात नारळ सोलायचा कोयता. बघता बघता गाडी दिसेनाशी झाली एवढे लोक. अंद्रीच्या कानाखाली कुणीतरी जाळ काढला. त्याचा चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली मोडला. किल्ली काढून घेतली गेली. त्याने खिशातला परवानगीचा कागद काढून दाखवला तर तोंबो म्हणाला, शिक्के तर चोरांकडेच जास्त असतात. झाओ काकाला फोन लावला, लागेना. अंबोदिमांगात फोन लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण आता तेही चोरीचंच लक्षण ठरलं.

"बाप आहे आमचा," नोरो म्हणत राहिली. "बाप आहे हो."

"मग मेलेल्याला नेताना लावतात तो झेंडा कुठाय गाडीवर?" कुणीतरी विचारलं. "बापाला आंब्याखाली नेतात का तुमच्याकडे?"

मादामचं नाव सांगावं तर कुणाला पटणार होतं? मागच्या पोरांनी अंद्रीला गुडघ्यावर बसवलं होतं आणि त्याच्या मानेमागे कोयता धरलेला एकजण उगाचच हसत होता. तिला कालची बाई आठवली, तिने उलटवलेली काडी आठवली. आता हे दुसरा कोण ते ठरवतील, तिच्या मनात आलं. ती डिकीच्या कडेला धरून उभी राहिली, गाठोड्याच्या अगदी जवळ.

तेवढ्यात गर्दी जराशी फाटली. चेहऱ्यावर पिवळा लेप लावलेली एक म्हातारी पुढे आली. सोआझारा तिचं नाव, तोंबोची आई. ही काही मायाळू म्हातारी नव्हती. तिने आधी नोरोला शिवी दिली, मग गाठोड्याला हात न लावता त्याच्याकडे वाकून बघितलं. तिचा धाकटा दीर वरच्या मुलखात मेला होता, हे नंतर कळलं. त्याला आणायला ती स्वतः गेली होती.

"नदी ओलांडलीत ना?" तिने विचारलं. "नदीवर काय सांगितलंस याला?"

नोरोला खोटं सुचलं असतं तर ती खोटंच बोलली असती.

"काही नाही."

गर्दीतून एकच गलका उठला. बघा, बघा, तिच्याच तोंडाने. अंद्रीने डोळे मिटले. म्हातारीने हात वर केला, पण लोक गप्प व्हायला वेळ लागला.

"मग आत्ता बोल," ती म्हणाली. "तुझा बाप आहे ना? बोल त्याच्याशी. चोराला चोरलेल्या हाडांशी बोलायला काही नसतं."

नोरो वळली. वरच्या मुलखात लहानपणापासून कानावर पडलेलं ते भारदस्त बोलणं तिने सुरू केलं. हे पूज्य पित्या, तुझी लेकरं तुला न्यायला आली आहेत, पूर्वजांच्या शेजारी तुझी जागा. मागे कुणीतरी म्हणालं, पाठ केलंय. दुसऱ्याने काठी जमिनीवर आपटली. पोपटपंची, सोआझाराही पुटपुटली. नोरो अडखळली. पुढचे शब्द आठवेनात. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडखळली, आणि एकदम तिच्या डोक्यात तिडीक गेली. इथे भाऊ मरायला टेकलाय आणि हा माणूस नेहमीसारखाच स्वस्थ पडलाय.

"कापणीला येतो म्हणाला होतात," ती गाठोड्यावर ओरडली. "म्हणाला होतात की नाही? मी फाट्यावर जाऊन बसायचे. रोज. गाडीवाले हसायचे मला. आई म्हणायची आज नाही आले, उद्या येतील. तिला किती लोकांनी सांगितलं दुसरं लग्न कर म्हणून. नाही केलं. कशाला नाही केलं? तुमच्यासाठी? तुम्ही इथे काट्यावर बसून काजू जोखत होतात! हा अंद्री, याला तुमचं तोंड माहीत नाही. तुमच्यापायी त्याच्या मानेवर कोयता ठेवलाय, बघा. बघा ना. आणि नदीवर मी बोलले नाही कारण मला भीती वाटत होती, आणि मला कुणी कधी सांगितलं का की भिऊ नकोस म्हणून? ते तुमचं काम होतं ना बाबा?"

मग तिचा आवाज फुटला आणि ती गाठोड्यावर डोकं टेकून रडली, सकाळी मातीत राहून गेलेलं सगळं रडली. गर्दीतल्या दोनतीन बायकाही पदराने नाक पुसायला लागल्या. कोयतेवाला पोरगा हसायचा थांबला होता. तोंबोने त्याच्या हातातून कोयता काढून घेतला, अंद्रीला काखेत हात घालून उठवलं आणि कपडे झटकले. कुणी माफी मागितली नाही. तोंबोने स्वतः चाक बदललं आणि किल्ली परत दिली. बायकांनी विखुरलेले आंबे गोळा करून टोपलीत घातले, त्यातला एक मात्र कुणीतरी खाल्ला.

आता झाकायचं काही नव्हतं म्हणून चटई मागच्या सीटवर टाकली. गाठोडं परत डिकीत ठेवताना सोआझारा जवळ आली.

"हाडं नेतेयस," ती म्हणाली. "बाप तिकडे काठावर उभा आहे."

एवढं बोलून ती घराकडे निघून गेली.

गाडी गावाबाहेर पडली. अंद्रीला नीट दिसत नव्हतं म्हणून नोरो चालवत होती. त्याच्या गालावर पाचही बोटं उमटली होती. म्हातारी वेडी आहे, तो म्हणत होता, हाडं महत्त्वाची, थेट शहरात जाऊ, थांबायचं नाही कुठेही. त्याचे दात वाजत होते, त्या उकाड्यात. नोरोने दोनदा आरशात बघितलं, मागे कुणी येतंय का म्हणून. मागे मोकळा रस्ता होता, आणि त्याची तिला आणखीच भीती वाटली.

मग आईचा फोन आला. अंद्रीने उचलून तिच्या कानाशी धरला. आईचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता.

"निघालात का गं?"

"निघालो."

"आहेत ना ते तुमच्याबरोबर?"

हो म्हणायला काय लागत होतं? एवढंसं अक्षर. डिकीत गाठोडं होतं, वस्त्र आईनेच स्वतःच्या हाताने विणलेलं होतं. पण नोरोच्या तोंडून ते निघेना. ती आईला त्या थडग्यात कुणाशेजारी निजवणार होती? आई एवढी वर्षं थांबली ती कशासाठी, आणि इथून पुढे किती वर्षं थांबायचं तिने? काठावर बाबांना कुणी नव्हतं. पांढऱ्या मातीतून उठवून आणलं, चला घरी म्हटलं, आणि पाण्यापाशी सोडून दिलं. अकरा वर्षांची पोर फाट्यावर बसते तसे बसले असतील.

"थोड्या वेळाने सांगते आई," ती म्हणाली आणि गाडी वळवली.

अंद्री किंचाळला नाही. त्याने फक्त तिच्याकडे बघितलं. परत जायचं म्हणजे आंकिलिबेवरून जायचं, आणि नदीवरून येताना पुन्हा आंकिलिबेवरूनच यायचं. पहिल्या खेपेला म्हातारीने वाचवलं होतं. आता ती घरात झोपली असेल तर? कड्याचा आवाज ऐकून लांबच्या शेतांतून जे आता पोहोचले असतील, ज्यांनी नोरोचं बोलणं ऐकलंच नाही, त्यांचं काय?

गाव आलं. चिंचेखाली खरंच नवीन माणसं होती. त्यांच्या हातांत काठ्या होत्या. आकाशी गाडी परत येताना बघून ती रस्त्यात आली. नोरोने गाडी थांबवली नाही, पण हळू केली, काच खाली केली आणि मोठ्याने, खणखणीत म्हणाली, "बाबांना आणायला चाललोय. काठावर राहिलेत." एका माणसाने काठी उचलली. तोंबोचा आवाज आला, जाऊ दे रे. माणूस बाजूला झाला, पण काठी त्याने खाली केली नाही.

तराफ्यावर ते गाडी घेऊन पलीकडे गेले. दोरी ओढणारे आपापसात कुजबुजत होते. बातमी त्यांच्या आधीच पोहोचली होती. ऊन कलायला लागलं होतं आणि पाणी लाल झालं होतं. पलीकडच्या काठावर नोरो उतरली. तिथे बोरूचं बेट होतं, चिखलात गुरांच्या पावलांचे ठसे होते, दुसरं काहीच नव्हतं. चौघे दोरीवाले तिच्याकडेच बघत होते. तिला लाज वाटली, मग लाजेची लाज वाटली.

"बाबा," तिने हाक मारली. "रावेलो बाबा. मी नोरो. मघाशी न सांगता पुढे गेले. आता पाणी ओलांडायचंय. चला, गाडीत बसा. आई वाट बघतेय."

वारा नव्हता. बोरूचं पानही हललं नाही. नोरो उभी राहिली आणि तिला त्या दिवसातली सगळ्यात मोठी भीती वाटली, काठ्यांपेक्षा आणि कोयत्यापेक्षा मोठी. ते रुसले असतील. येणार नाहीत.

मागे दार उघडल्याचा आवाज आला. अंद्री गाडीतून उतरला होता. आयुष्यभर या सगळ्याची टिंगल करणाऱ्या अंद्रीने मागच्या सीटवरची चटई आणि पाण्याच्या बाटल्या उचलून पुढे ठेवल्या, सीट हाताने झटकली, आणि दार सताड उघडं धरून तो उभा राहिला. ज्याचं तोंड त्याला माहीत नव्हतं, त्या माणसासाठी. थोडा वेळ गेला. त्याने बहिणीकडे बघितलं.

"लावू का दार?"

"थांब जरा," नोरो म्हणाली. "त्यांचा गुडघा दुखतो. चढायला वेळ लागतो त्यांना."

अंद्री थांबला. दोरीवालेही दोरी धरून थांबले. मग त्याने दार हळूच लावलं, बोट सापडू नये अशा बेताने, आणि दोघे पुढे बसले. पलीकडे आंकिलिबेच्या दिशेला धूर दिसत होता, चुलींचा की आणखी कशाचा ते इथून कळत नव्हतं, आणि जायचं तिथूनच होतं.